हर्णैचा सुवर्णदुर्ग : भरती-ओहोटी सांभाळून केलेली सहल

शुक्रवार : हर्णै बंदर

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी बाबांनी वर्तमानपत्रातली यादी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. डोंगरी किल्ले त्यांनी उमेदीच्या वयात पाहिले होते. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गही झाले होते. राहिले होते सुवर्णदुर्ग आणि खांदेरी. डिसेंबर उजाडला तसं त्यांचं एकच सुरू झालं, "आता समुद्र शांत असेल." मग मी, धाकटा भाऊ आणि बाबा असे निघालो.

पुण्याहून पहाटे निघून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत जेवणाच्या वेळेला दापोली आणि तिथून अर्ध्या तासात हर्णै. खोली आधीच सांगून ठेवली होती. सामान टाकलं आणि चारच्या सुमारास बंदराकडे निघालो, कारण हर्णैला संध्याकाळी बंदर चुकवायचं नसतं.

उतारावरून खाली येताच वास आधी येतो, मग गलका. समोर शेकडो होड्या नांगरलेल्या, त्यांच्यावर रंगीत निशाणं, आणि त्या सगळ्या गर्दीच्या पलीकडे पाण्यात काळी, लांब, सपाट तटबंदी. तोच सुवर्णदुर्ग. वाटलं होतं त्यापेक्षा खूपच जवळ. बाबा तिथेच थांबले. भाऊ म्हणाला, "चला की." तर म्हणाले, "थांब जरा, आधी नीट बघू दे."

किनाऱ्यावर बैलगाड्या थेट पाण्यात घातलेल्या होत्या. बैलांच्या पोटाला पाणी लागेपर्यंत गाडी आत जाते, होडीतून मासळीच्या टोपल्या गाडीत उतरतात आणि गाडी वाळूवर येते. तिथे लगेच लिलाव. सुरमई जोडीने मांडलेली, पापलेटं आकाराप्रमाणे लावलेली, कोळंबीचे ढीग, एका बाजूला माकुळं आणि मांदेली. बोली इतक्या भरभर चढते की नवख्याला कोणी घेतलं तेच कळत नाही. बर्फ फोडायचा आवाज सतत चालू. घाऊक खरेदी आपल्या कामाची नाही, पण लिलावातून घेऊन लगेच किरकोळ विकणाऱ्या बायका कडेला बसलेल्या असतात. त्यांच्याकडून घ्यावं.

आम्ही एका मावशींकडून मांदेली आणि एक हलवा घेतला. मावशींनी हलव्याचा कल्ला उचलून आतला लालपणा बाबांना दाखवला. "बघा बाबा, नंतर नाव ठेवायचं नाय." बाबांनी पैसे देता देता किल्ल्याच्या होडीचं विचारलं. त्यांनी मान वळवून हाक मारली आणि एक काळासावळा, पन्नाशीचा माणूस आला. त्यांचा दीर. पूर्वी मोठ्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता, आता छोटी होडी चालवतो.

त्यांनी आधी आम्हालाच प्रश्न केला, "उद्या तिथी कुठली?"

बाबांना तिथी तोंडपाठ. "वद्य नवमी."

"नऊ त्रिक सत्तावीस, त्याचे चार भाग. पावणेसातला पुरी भरती. सुकती लागली की तिथली वाळू उघडी पडते. साडेआठला या. भांगाचं पाणी आहे, म्हातारे आरामात उतरतील."

कोकणात हा हिशेब अजून चालतो आणि प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची साधारण वेळ मिळते. शुद्ध पक्ष असो वा वद्य, नियम तोच. मग सुकती, म्हणजे पाणी उतरणं, आणि भरतीपासून सहा तासांनी पुरी ओहोटी. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. किल्ल्यावर जायचं तर भांगाचे दिवस बघून जावं, विशेषतः सोबत वयस्कर माणसं किंवा मुलं असतील तर.

रात्री घरमालकीण काकूंनी मांदेली रव्यात घोळवून कुरकुरीत तळली आणि हलव्याचं कालवण केलं. तांदळाची भाकरी, सोलकढी, वर भात. भावाने भाकऱ्या किती खाल्ल्या ते काकूंनी मोजलं नाही, मीही मोजलं नाही.

शनिवार सकाळ : सुवर्णदुर्ग

सकाळी हवेत गारवा होता आणि वारा जवळजवळ नव्हता. या मोसमात सकाळ शांत असते, दुपारनंतर वारा उठतो आणि लाटा वाढतात, म्हणून बाराच्या आत परत यायचं असं तांडेलकाकांनी बजावलं होतं. होडी ठरवताना दोन गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. पैसे माणशी की पूर्ण होडीचे, आणि किल्ल्यावर होडी किती वेळ थांबणार. काही होडीवाले तासाभरात परत चला म्हणतात. तासात काहीही बघून होत नाही. आम्ही अडीच तास ठरवले. लाइफ जॅकेट मागून घ्यावं, कोणी दिलं नाही तरी मागावं.

नांगरलेल्या ट्रॉलरांच्या मधून वाट काढत होडी निघाली. मी काकांना विचारलं, सगळ्या होड्या इथेच का उभ्या करतात? त्यांनी किल्ल्याकडे बोट दाखवलं. "त्याच्या आडोशाला. बाहेरची लाट तो अंगावर घेतो." किल्ला आणि किनारा यांच्यामधली ही चिंचोळी, उथळ पट्टी म्हणजेच हर्णै बंदर. हे एक वाक्य नीट डोक्यात बसलं आणि पुढचा सगळा किल्ला त्याच नजरेने पाहिला गेला.

काकांनी होडी आधी बाहेरच्या अंगाने फिरवून आणली, हे फार बरं केलं. पश्चिमेला खुला समुद्र आहे आणि त्या बाजूला तट कुठे संपतो आणि बेटाचा कातळ कुठे सुरू होतो ते कळत नाही. कातळच उभा तासून त्याची भिंत केलेली आहे आणि त्यावर काळ्या दगडाचे प्रचंड चिरे चढवले आहेत. एकेक चिरा माणसाच्या उंचीहून मोठा. पायथ्याला कालवांचा पांढरट थर. लाट आदळते, फुटते, परत जाते. तटाला काही नाही.

पूर्वेला, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला, वाळूचा लहानसा पट्टा आहे. आम्ही गेलो तेव्हा होडी त्या वाळूतच लागली, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उतरावं लागलं. बाबांना काकांनी आणि भावाने दोन्ही बाजूंनी धरलं. पट्ट्याच्या सँडल घालाव्यात. चपला पाण्यात निघून जातात आणि अनवाणी चाललं तर कालवांच्या कडा पाय कापतात.

महादरवाजा समोर असून दिसत नाही. दोन बुरुजांच्या बगलेत तो असा वळवून बसवला आहे की अगदी जवळ गेल्यावरच कमान दिसते. पायरीवर कासव कोरलेलं आहे. डाव्या हाताला तटात मारुती. कासवाची पाठ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी आणि खाऱ्या वाऱ्याने गुळगुळीत झाली आहे, पण चारही पाय आणि पुढे काढलेली मान स्पष्ट आहे. बाबा खाली बसले, कासवाला हात लावून नमस्कार केला आणि मग आत गेले. मीही पायरी ओलांडताना पाय कासवावर पडू दिला नाही.

आत देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्या आहेत आणि त्यांच्यापुढे एकदम मोकळी जागा. बेटाचं क्षेत्र साधारण आठ एकर. एकेकाळी इथे वस्ती, कोठारं, कचेऱ्या सगळं होतं. आता उरले आहेत जोते, पाण्याची टाकी, एक-दोन दगडी इमारतींच्या भिंती आणि कमरेएवढं गवत-झुडूप. पूर्ण पँट घालावी. सावली नाही, खायला-प्यायला काहीही मिळत नाही, पाणी माणशी दोन बाटल्या तरी न्यावं. टाक्यांत पाणी होतं, हिरवं, त्यावर चतुर भिरभिरत होते. ते पिऊ नये.

आम्ही पायऱ्यांवरून तटावर चढलो आणि उत्तरेकडून फिरायला सुरुवात केली. फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, रुंद आहे, दोघे सहज शेजारी चालू शकतात, पण जागोजागी चिरे निसटून खड्डे पडले आहेत. बाबांना आम्ही आतल्या बाजूने ठेवलं. एका बुरुजावर समुद्रगरुड बसला होता, पांढऱ्या पोटाचा. आम्ही बरेच जवळ गेलो तरी हलला नाही. मग पंख पसरून अगदी सावकाश पाण्यावर उतरला.

पश्चिमेच्या बुरुजावर बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले आणि बाबांनी भावाला किल्ल्याची हकीकत सांगितली. मी ती इथे देतो, कारण ती जागेवर ऐकली की जास्त कळते.

हा किल्ला मूळचा आदिलशाहीचा. शिवाजी महाराजांनी तो १६६० च्या सुमाराला घेतला आणि आरमाराचं ठाणं केलं. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात या पाण्यात त्यांचा शब्द चालायचा. कान्होजी १७२९ मध्ये गेले. नंतर घरात फूट पडली, त्यांचा मुलगा तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं. १७५५ मध्ये पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांना सोबत घेतलं. एप्रिलच्या सुरुवातीला कमोडोर विल्यम जेम्स 'प्रोटेक्टर' हे जहाज घेऊन इथे आला. त्या काळच्या इंग्रजी वर्णनात किल्ल्यावर ५४ तोफा असल्याचा उल्लेख आहे.

जेम्सने पहिल्या दिवशी मारा केला तो कातळात कोरलेल्या बाजूवर. काही उपयोग झाला नाही. किल्ल्यातून फुटून आलेल्या एकाने त्याला सांगितलं की तिकडून भिंत पडणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याने जहाज किनाऱ्याच्या बाजूला, या चिंचोळ्या उथळ पट्टीत आणलं. एका अंगाने किल्ल्यावर आणि दुसऱ्या अंगाने किनाऱ्यावरच्या गोवागडावर तोफा सुरू केल्या. किल्ल्यातल्या छपरांना आग लागली, आग दारूच्या कोठाराला भिडली आणि कोठार उडालं. माणसं होड्यांतून गोवागडाकडे पळाली, वाटेत पकडली गेली. गोवागड शरण आला. तरीही किल्लेदार निवडक माणसं घेऊन परत सुवर्णदुर्गात शिरला. दाभोळहून मदत येईल या आशेवर तो किल्ला धरून होता. शेवटी इंग्रज खलाशांनी उतरून चोरदरवाजा कुऱ्हाडींनी फोडला.

भाऊ उठून पश्चिमेकडे बघून आला, मग पूर्वेकडे जाऊन बघून आला. म्हणाला, "म्हणजे ज्या बाजूने शत्रू यायचा, ती बाजू अभेद्य. पडला तो आपल्या बाजूने." बाबा काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. मला ते वाक्य बरोबर वाटलं, नकाशाच्या दृष्टीने आणि इतिहासाच्याही. पेशव्यांनीच पुढच्या वर्षी इंग्रजांच्या मदतीने तुळाजीचा विजयदुर्ग घेतला. तिथे आंग्र्यांचं आरमार जळालं. त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवेल असं आरमार उभं राहिलं नाही. मला पेशव्यांचा राग येतो तो इथेच. आपसातलं भांडण होतं, मान्य. पण त्यासाठी जे मोडलं ते पुन्हा बांधता येण्याजोगं नव्हतं.

आणखी एक गोष्ट बाबांना ठाऊक नव्हती, ती मी सांगितली. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनमधल्या शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या आठवणीसाठी तीन कोनांचा एक मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. तो मनोरा नीट राखलेला आहे, लोक तिकीट काढून वर जातात, खाली चहा मिळतो. लंडनला राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथे जरूर जावं. आणि इथे, ज्याचं ते नाव, त्या किल्ल्यात आम्हाला कोठाराच्या जोत्यावर बिअरच्या फुटक्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं सापडली. भावाने पिशवी काढली, आम्ही जमेल तेवढं उचललं. वारसा यादीत नाव आल्यावर माणसं वाढणार आहेत. किल्ल्यावर नेलेली प्रत्येक वस्तू परत आणायची, एवढं तरी आपल्या हातात आहे.

पश्चिमेच्या चोरदरवाजाने खाली उतरून पाहिलं. पाणी उतरल्यामुळे खडक उघडे पडले होते आणि दोन बायका कालवं काढत बसल्या होत्या. हातात लाकडी मुठीचं टोकदार लोखंडी हत्यार. एक नेमका ठोका, वरचं शिंपलं उडतं, आतलं मऊ कालव बोटाने डब्यात. दोन ठोके मी एकीच्याही हातून पाहिले नाहीत. मी विचारलं, किती वेळ बसता? "पाणी परत येईस्तोवर," मान वर न करता उत्तर आलं. काकूंच्या घरी संध्याकाळी कालवांची आमटी मिळाली, ती बहुधा अशाच कुणीतरी काढलेली.

शनिवार दुपार : किनाऱ्यावरचे तीन

सुवर्णदुर्गासाठी येणारे बरेच जण होडीतून उतरले की गाडीत बसतात. तसं करू नका. किनाऱ्यावरचे गोवागड, कनकदुर्ग आणि फत्तेगड हे सुवर्णदुर्गाचेच भाग समजून बघावेत. बेटावरून किनारा बघितला, आता किनाऱ्यावरून बेट बघायचं. त्याशिवाय तोफा कुठून कुठे पोचत असतील याचा अंदाज येत नाही.

गोवागड रस्त्याला लागूनच आहे, तट बऱ्यापैकी शाबूत आहे. इथून सुवर्णदुर्गाचा महादरवाजाकडचा भाग अगदी समोर येतो. सकाळी आपण जिथे उभे होतो ते बुरूज एकेक करून ओळखता येतात. फत्तेगडावर कोळी वस्ती आहे, किल्ला असा वेगळा उरलेला नाही. अंगणात जाळी विणणं चालू होतं, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा होत्या. कोणाच्या घरात डोकावू नये, फोटो काढायचा तर विचारावं. एका आजोबांनी हाक मारून ओट्यावर बसवलं आणि बाबांना कुठचे, काय करता, मुलं किती असं सगळं विचारून घेतलं. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

कनकदुर्ग तिन्ही बाजूंनी पाण्यात घुसलेला आहे. दोन काळे बुरूज, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि माथ्यावर दीपगृह. सूर्यास्ताला इथे यावं. होड्या परतताना दिसतात आणि प्रत्येक होडी सुवर्णदुर्गाला वळसा घालून आडोशाच्या पाण्यात शिरते. तांडेलकाकांनी सकाळी जे बोटाने दाखवलं, ते इथून उलगडून दिसतं.

सुवर्णदुर्गात दुसरे बाजीरावही येऊन राहिले होते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला त्यांचा पराभव केल्यावर ते रायगड, महाड करत सुवर्णदुर्गाला आले आणि इथून वसईला. तिथे वर्षअखेरीस त्यांनी इंग्रजांशी तह केला. बाबा म्हणाले, "दोन्ही वेळा वाट इथूनच गेली."

रविवार : आंजर्ले आणि बाणकोट

सकाळी काकूंनी घावन आणि ओल्या नारळाची चटणी दिली. निघताना कोकमाच्या आगळाची बाटली विकत घेतली. आंजर्ल्याच्या खाडीवर आता पूल आहे, पूर्वी तरीने जावं लागायचं असं बाबा सांगत होते. कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा, देऊळ पांढरंशुभ्र, मागे आंब्या-नारळाची गर्द झाडी. प्रदक्षिणा करताना दक्षिणेकडे नजर टाकली की खाली सुवर्णदुर्ग दिसतो. इतक्या उंचीवरून तो सपाट आणि लहान वाटतो, आणि त्याच्या जमिनीकडच्या बाजूला होड्यांची दाट गर्दी. बाहेर खुल्या पाण्यात एकही होडी नाही.

परतीला आम्ही मुद्दाम केळशीच्या बाजूने बाणकोट गाठलं. रस्ता वळणांचा आणि अरुंद आहे, घाई असेल त्यांनी जाऊ नये. सावित्री जिथे समुद्राला मिळते तिथे टेकाडावर जांभ्या दगडाचा हा छोटा किल्ला आहे. सुवर्णदुर्ग पडल्यावर आठवड्याभरात जेम्सने हाही घेतला. सुवर्णदुर्ग ठरल्याप्रमाणे पेशव्यांच्या हवाली झाला, बाणकोट मात्र इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. १७५६ च्या तहात पेशव्यांनी ते मान्य केलं. तटावर उभं राहिलं की नदीचं मुख आणि त्यातून आत-बाहेर करणारी प्रत्येक होडी नजरेच्या टप्प्यात येते. बाणकोट त्यांनी का सोडला नाही हे विचारावं लागत नाही.

खाली वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोट आहे, गाडीसकट नेते. रविवारी दुपारी रांग लागते, त्यामुळे तीनच्या आत पोचलेलं बरं. आम्हाला अर्धा तास थांबावं लागलं. तेवढ्यात बाबांनी रांगेतल्या एका अलिबागच्या कुटुंबाशी ओळख काढली आणि खांदेरीची चौकशी सुरू केली. होडी थळहून मिळते, पण तिथेही उतरायचं ते भरती बघूनच, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी खिशातली डायरी काढून पुढच्या दोन महिन्यांतल्या अष्टमी-नवमी लिहून घेतल्या. त्यातली एक रविवारी येते. ती धरून आम्ही जाणार आहोत.